बुर्गोबा

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, एका अंगाला ऱ्हाईन नदी आणि दुसऱ्या अंगाला फ्रान्सची सरहद्द यांच्या बेचक्यात फाल्झ नावाचा मुलूख आहे. पायथ्याशी द्राक्षमळे, त्यांच्या वर चेस्टनटची झाडं, त्यांच्याही वर दाट जंगल आणि जंगलातून मान वर काढणारे तांबड्या वालुकाश्माचे सुळके. मध्ययुगात यातल्या कितीतरी सुळक्यांवर कुणी ना कुणी सरदार चढून बसला होता. सरदार गेले, वाडे पडले, दरवाजे कुजले. रिकाम्या झालेल्या त्या जागांवर आता दर रविवारी बुर्गोबा चढून बसतो.

नाव मी ठेवलेलं आहे. किल्ल्याला तिकडे बुर्ग म्हणतात. ज्याचं ठाणं डोंगरमाथ्यावर, ज्याच्या दर्शनाला धापा टाकत जावं लागतं आणि जो सहजासहजी प्रसन्न होत नाही, त्याला याहून बरं नाव मला सुचलं नाही.

बुर्गोबा लांबूनच ओळखू येतो. वय साठीच्या पुढे. चौकड्यांचा शर्ट. गुडघ्यापाशी चेन असलेली विजार. ऊन वाढलं की खालचा भाग काढून पिशवीत टाकण्याची सोय, जी तो कधीही वापरत नाही. आयुष्यभर त्यानं अशी नोकरी केलेली असते जिच्यात दुसऱ्याची चूक काढण्याचा पगार मिळतो. शाळामास्तर, हिशेबतपासनीस, बांधकाम निरीक्षक वगैरे. लांडाऊत माझ्या खालच्या मजल्यावर राहणारे बुर्गोबा भूमापन खात्यातून निवृत्त झालेले आहेत. निवृत्त खात्यातून, मोजण्यातून नव्हे.

त्यांच्या पाठपिशवीत दोन मीटरची घडीची लाकडी पट्टी, लेझरनं अंतर मोजायचं यंत्र, होकायंत्र, विजेरी, बुडाखाली घ्यायची स्पंजची घडी, काळ्या पावाचे तुकडे, एक उकडलेलं अंडं आणि कॅमेऱ्याच्या रोलच्या जुन्या डबीत मीठ असतं. बरोबर मेलाक असतो. मेलाक म्हणजे त्यांचा आखूड पायांचा डॅक्सहुंड. या नावामागे इतिहास आहे. १६८९ साली चौदाव्या लुईच्या फौजांनी हा मुलूख पद्धतशीर जाळला. हायडेलबर्ग, मानहाइम, श्पायर, वर्म्स, काही सोडलं नाही. त्या जाळपोळीला ज्याचं नाव कायमचं चिकटलं तो फ्रेंच सेनापती एझेकिएल द मेलाक. पुढे इथल्या लोकांनी आपल्या कुत्र्यांना त्याच्या नावानं हाका मारून सूड उगवला. आता फ्रान्सशी दोस्ती आहे, सरहद्द कुठे ओलांडली तेही चालताना कळत नाही; पण बुर्गोबा ‘मेलाक, खाली बस!’ म्हणतात तेव्हा त्यांच्या आवाजात तीन शतकं मुरलेलं समाधान असतं. कुत्राही नावाला जागतो. फाल्झमधल्या ज्या ज्या तटबंदीपर्यंत त्याला नेलं, तिच्यावर त्यानं पाय वर केलेला आहे.

गडावर पोचल्यावर तुम्हीआम्ही काय करतो? दम खातो आणि दरीकडे बघतो. बुर्गोबा दरीकडे पाठ करतात आणि भिंतीला नाक लावतात.

“इथं बघा,” ते म्हणतात. बघावं तर दगडाच्या पोटात एक भोक. बोटाचं पेर जाईल एवढं.

“चिमट्याचं,” ते म्हणतात आणि मला गहिवरून यायला पुरेसा वेळ देतात.

मग सांगतात. जड चिरा वर चढवायचा तर दोन नांग्यांचा लोखंडी चिमटा लागे. दोर ओढला की नांग्या आवळत; त्या सटकू नयेत म्हणून दगडाला दोन बाजूंनी अशी भोकं पाडत. म्हणून हे भोक दिसलं की भिंत साधारण बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातली किंवा त्यानंतरची. आणि हा चिरा बघा. कडा चारी बाजूंनी घासून सरळ केल्यात आणि मधलं पोट मुद्दाम ओबडधोबड ठेवलंय. होहेनश्टाउफेन सम्राटांच्या काळातली ही पद्धत. का ठेवलं? शत्रूला भिंत राकट दिसावी म्हणून, असं मार्गदर्शक सांगतात. बुर्गोबा खांदे उडवतात. “शत्रू आम्हाला कागद ठेवून गेलेला नाही.”

‘कागद आहे का?’ हा त्यांचा मूळ मंत्र. किल्ल्यांविषयी तुमच्यामाझ्या मनात जे जे म्हणून रम्य आहे ते ते त्यांनी या मंत्रानं मारलं आहे. तटावरून उकळतं तेल ओतायचे? “तेलाचा भाव माहीत आहे का तुम्हाला? दगड फुकट होते.” बुरुजाच्या तळाशी अंधारकोठडी? “बहुतेक ठिकाणी कोठार. तुमच्या घराचं तळघर पाचशे वर्षांनी उकरलं तर तिथंही कैदी ठेवत असतील असंच लोक म्हणतील.” छळाची अवजारं? “एकोणिसाव्या शतकात हौशी लोकांनी जमवलेली.” गुप्त भुयार? इथं मात्र ते खाली बसतात, कारण हसताना तोल जाऊ शकतो. फाल्झमधल्या दर गावात असं एक भुयार असतं. ते किल्ल्यावरून निघतं, दोन टेकड्या आणि एक ओढा पार करतं आणि नेमकं त्या गावच्या दारूच्या गुत्त्यात उघडतं. गावातल्या एका म्हाताऱ्यानं ते लहानपणी पाहिलेलं असतं. नंतर ते बुजवलेलं असतं. हे ऐकताना मला अगदी घरी असल्यासारखं वाटतं. सह्याद्रीच्या पायथ्याशी हाच म्हातारा मला अनेकदा भेटला आहे, फक्त तिथे भुयार देवळात उघडतं.

आणि चक्री जिना. वर चढणाऱ्याच्या उजवीकडे मधला खांब यावा, त्याचा तलवारीचा हात अडावा आणि वरून लढणाऱ्याचा उजवा हात मोकळा राहावा म्हणून हे जिने घड्याळाच्या दिशेनं वळवत, ही गोष्ट जगातल्या झाडून सगळ्या किल्ल्यांवर सांगतात. बुर्गोबांसमोर कुणी ती सांगितली की त्यांचे कान लाल होतात. “उलट्या वळणाचे जिने ढिगानं आहेत! आणि शत्रू जिन्यापर्यंत आला म्हणजे किल्ला पडलाच की! मग जिन्यात काय शोभेला लढायचं?” जिन्याच्या या सिद्धान्ताला ते थोतांडांचा बादशहा म्हणतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

असा माणूस मार्गदर्शकाबरोबरच्या सहलीत घेऊ नये, हे जिथल्या तिथल्या मार्गदर्शकांना आता समजलेलं आहे. डानजवळ एर्लेनबाख गावाच्या डोक्यावर बेरवार्टश्टाइन नावाचा किल्ला आहे. १५९१ साली वीज पडून जळाला, तीनशे वर्षं ओसाड पडला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा उभारला आणि त्यात माणसं राहायला आली. खडकातून कोरून काढलेली त्याची विहीर १०४ मीटर खोल सांगतात. पंधराव्या शतकात इथे हान्स फोन ट्रोथा नावाचा सरदार होता. शेजारच्या वायसेनबुर्गच्या मठाशी त्याचं भांडण. त्यानं नदीला बांध घालून खालच्या गावाचं पाणी तोडलं; मठाधीशानं तक्रार केली तेव्हा बांध फोडून गावात पूर आणला. पाणी तोडल्याची तक्रार होती, पाणी दिलं! पोपनं त्याला धर्मबाह्य ठरवलं. अल्सास प्रांतात हान्स ट्राप या नावानं तो अजून नाताळात पोरांना भिववत फिरतो. हे सगळं तिथली कॉलेजात शिकणारी मुलगी छान रंगवून सांगत होती. मग ती म्हणाली, विहिरीत खडा टाकला तर पाच सेकंदांनी आवाज येतो.

“क्षमा करा,” मागून आवाज आला, “खडा पडायला साडेचारपेक्षा थोडं जास्त आणि आवाज वर यायला एक तृतीयांश सेकंद. बेरीज पाचाच्या जरा आत भरते. शिवाय पाण्याची पातळी मोसमाप्रमाणे बदलते. ती आज किती आहे?”

मुलगी गप्प झाली. मंडळी गप्प झाली. विहिरीतून काही आवाज आला असता तर तोही त्या क्षणी ऐकू आला असता. बुर्गोबांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव मात्र नव्हता. त्यांना खरंच पातळी हवी होती.

आनवायलर गावावरचा त्रिफेल्स हा त्यांच्या दृष्टीनं फाल्झचा सर्वांत थोर आणि सर्वांत त्रासदायक किल्ला. थोर अशासाठी की बाराव्या-तेराव्या शतकांत साम्राज्याचा मुकुट, राजदंड आणि तलवार बराच काळ इथे ठेवलेली असे, आणि ११९३ च्या वसंतात इंग्लंडचा राजा सिंहहृदयी रिचर्ड इथे कैदेत होता. धर्मयुद्धावरून परतताना त्याला व्हिएन्नाजवळ ऑस्ट्रियाच्या ड्यूकनं पकडलं आणि सम्राट सहाव्या हाइनरिखच्या हवाली केलं. खंडणी ठरली दीड लाख मार्क चांदी. थोर सगळं इथवरच. पुढचं बुर्गोबा तुम्हाला दारात उभं करून, एकेक बोट मोडत सांगतात. मुकुट, राजदंड आत मांडलेत, त्या नकला. अस्सल माल व्हिएन्नात. रिचर्डला साखळदंड वगैरे काही नाही, मानानं ठेवलं होतं, आणि तेही काही आठवडेच. ब्लोन्देल नावाचा त्याचा इमानी भाट किल्ल्याकिल्ल्याखाली गाणं म्हणत हिंडला आणि इथे आतून राजानं पुढचं कडवं म्हटलं म्हणून त्याचा ठावठिकाणा लागला, ही कथा नंतरची. आणि ज्या भव्य दालनात उभं राहून तुम्ही ही कथा ऐकता ते दालनच रिचर्डनं पाहिलेलं नाही. १६०२ साली वीज पडून किल्ला जळाला. आजची इमारत १९३८ पासून उभी राहिली.

१९३८ म्हटल्यावर ते बोटं मोडायचं थांबवतात. नाझींना इथे राष्ट्राचं तीर्थक्षेत्र करायचं होतं. जुने चिरे ज्या घराची साक्ष देत होते ते घर त्यांना पुरेसं भव्य वाटलं नाही, म्हणून दक्षिण इटलीतल्या सम्राटांच्या वाड्यांकडे बघून नवं रचलं. “खोटा इतिहास म्हणजे नुसती गंमत नसते,” एवढंच बुर्गोबा म्हणतात आणि पुढच्या खोलीत जातात. त्यांच्या ‘कागद आहे का?’ला मी फार हसत नाही, त्याचं कारण हे दालन आहे.

त्यांच्या दृष्टीनं किल्ल्यांच्या तीन जाती. उभा असलेला, डागडुजी केलेला आणि पडका. पहिल्याविषयी आदर, दुसऱ्याविषयी संशय आणि तिसऱ्यावर प्रेम. नॉयश्वानश्टाइनचं नाव घेतलं तर ते समोरच्याला विचारतात, “आमच्या लांडाऊची रेल्वे कधीची?” ती १८५५ ची. त्या परीकथेतल्या किल्ल्याची पायाभरणी १८६९ ची. संपला विषय. हायडेलबर्गला लाखो लोक येतात, मोठा वाडा बघतात, दोन लाख लिटरांहून मोठं ते दारूचं पिंप बघतात. बुर्गोबा पूर्वेच्या कोपऱ्यातल्या फुटक्या बुरुजासमोर स्पंजची घडी टाकून बसतात. १६९३ साली फ्रेंचांनी सुरुंग लावला तेव्हा या बुरुजाचा एक मोठा लपका अख्खाच्या अख्खा सुटून खंदकात घसरला आणि तसाच पडून राहिला. “कापलेल्या केकसारखा,” ते म्हणतात. आतले मजले, कमानी, सहा मीटरांहून जाड भिंतीचं पोट, सगळं उघडं. “असा छेद घ्यायची परवानगी पुरातत्त्व खात्यानं मला जन्मात दिली नसती.” ही त्यांनी फ्रेंचांची केलेली एकमेव स्तुती. मेलाकनं ती ऐकली नाही. तो झोपला होता.

एकाच ठिकाणी त्यांना भिंतीत रस नसतो. हाम्बाखला. २७ मे १८३२ ला वीस-तीस हजार माणसं काळे-लाल-सोनेरी झेंडे घेऊन त्या पडक्या किल्ल्यावर चढली होती, स्वातंत्र्य आणि एकसंध जर्मनी मागायला. तिथे बुर्गोबा पट्टी बाहेर काढत नाहीत.

बाहेरच्याला वाटतं किल्लेवेडे सगळे एकच. मुळीच नाही. बुर्गोबांच्या धर्मात दोन पंथ आहेत. तोफेच्या आधीचे आणि तोफेच्या नंतरचे. आमचे बुर्गोबा पहिल्या पंथाचे. त्यांच्या मते १५२३ साली लांडश्टूलच्या नानश्टाइन किल्ल्यावर फ्रान्झ फोन सिकिंगेन हा बंडखोर सरदार तीन राजेलोकांच्या तोफांखाली घायाळ होऊन मेला, त्याबरोबर किल्ला ही गोष्टच संपली. पुढचं सगळं मातीकाम. दुसऱ्या पंथाला मातीकामच आवडतं. त्यांच्या तोंडी बुरूज, बाण, ढाली या शब्दांऐवजी कोन, अंश आणि माऱ्याच्या रेषा असतात. त्यांचा देव व्होबाँ, ज्यानं चौदाव्या लुईसाठी १६८८ नंतर आमचं लांडाऊ तटाच्या ताऱ्यात कोंडलं. तटबंदी पाडल्याला दीड शतक झालं, पण दोन वेशी उभ्या आहेत आणि त्या वेशींतून भाजी आणायला जाताना दुसऱ्या पंथाचा माणूस अजून माऱ्याच्या टप्प्यातून चालल्यासारखा चालतो.

दोन्ही पंथ महिन्यातून एकदा एकाच गुत्त्यात, एकाच लांब टेबलाच्या दोन टोकांना बसतात. वाद बहुधा गेर्मर्सहाइमवरून पेटतो. ऱ्हाईनकाठचा तो कोट बव्हेरियाच्या राजांनी १८३४ ते १८६१ अशी सत्तावीस वर्षं खपून बांधला. त्याच्यावर कधीही कुणीही हल्ला केला नाही. “इतका भक्कम की शत्रूची छाती झाली नाही,” हे एक टोक. “इतका उशिरा की शत्रूला गरज उरली नाही,” हे दुसरं. शेवटी पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाप्रमाणे त्यातला बराच भाग पाडून टाकावा लागला. म्हणजे जो कोट लढाईत पडला नाही तो सहीनं पडला. या मुद्द्यावर दोन्ही टोकं एकाच वेळी पेला उचलतात.

माणूस इतका लढाऊ म्हटल्यावर त्याच्या धाडसाविषयी अपेक्षा वाढतात. एका वसंतात आम्ही एका सुळक्यावरच्या अवशेषाकडे गेलो. वाटेत दोन झाडांना बांधलेली लाल-पांढरी प्लास्टिकची फीत. फाल्झच्या जंगलात बहिरी ससाणे सुळक्यांवर घरटी करतात, त्यामुळे काही सुळके फेब्रुवारीपासून जूनपर्यंत माणसांना बंद असतात. फीत माझ्या कमरेइतकी उंच होती. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. बुर्गोबा येताना दोन तास मला हाच किल्ला कसा सर करता आला असता ते सांगत होते: दक्षिणेकडून शिड्या, पाण्याचं टाकं अडवणं, पहारेकरी फितवणं. फितीपाशी ते थांबले. दुर्बीण काढली. अर्धा तास ससाणा बघितला. “आपल्या आधीचा ताबा आहे,” म्हणाले आणि मागे फिरले. प्रत्येक पडक्या किल्ल्याच्या दारात ‘स्वतःच्या जबाबदारीवर प्रवेश’ अशी पाटी असते. ती ते दर वेळी थांबून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात. मजकूर बदलला असू शकतो.

त्यांच्या पत्नीचं किल्ल्यांचं वर्गीकरण वेगळं आहे. केक मिळणारे आणि न मिळणारे. माडेनबुर्ग आणि लांडेक हे तिच्या मते मध्ययुगाचे कळस, कारण तिथे वर खाणावळ आहे. ग्रेफेनश्टाइनचा मुख्य बुरूज सप्तकोनी आहे, असा दुसरा सापडणं मुश्कील, हे तिला चाळीस वर्षं ऐकवलं गेलंय, तिचं उत्तर एकच, “सातही कोनांत कॉफी मिळत नाही.” नवरा मोजत असताना ती ऊन बघून दगडावर बसते आणि शब्दकोडं सोडवते. घरात फाल्झच्या किल्ल्यांचा जाडजूड खंडांचा कोश आहे, त्याच्या समासांत बुर्गोबांनी पेन्सिलीनं दुरुस्त्या केल्यात. पेन्सिलींना टोक करण्याचं काम तिचं.

एकदा ते तटाच्या मागे गेलेले असताना तिनं मला सांगितलं. शाळेत असताना मास्तरांनी वर्गाला त्रिफेल्सवर नेलं होतं आणि ब्लोन्देलची गोष्ट सांगितली होती. पोरगा पार बिघडला. त्या वर्षी तो घराजवळच्या प्रत्येक भिंतीखाली उभा राहून गाई, आतून कुणी पुढचं कडवं म्हणतंय का ते बघायला. पुढे हिला मागणी घातली तीही त्रिफेल्सखालीच. आधी गाणं म्हटलं. “मी कुठे खिडकीत होते? शेजारीच उभी होते. पण त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं.” मग तिनं आडव्या सात अक्षरी शब्दाकडे लक्ष वळवलं. ब्लोन्देलचं नाव निघालं की बुर्गोबा सगळ्यांत जास्त का चिडतात, ते मला तेव्हा कळलं. तेलावर ते इतके चिडत नाहीत.

या माणसाशी माझं ‘तुम्ही’ अनेक वर्षं टिकलं. जर्मनीत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं हा छोटा संस्कारच असतो, वडीलधाऱ्यानं सुचवायचा, धाकट्यानं मान तुकवायची. फाल्झची माणसं तशी मोकळी, जंगलातल्या बाकावर दोन घोटांत ‘तू’वर येतात, पण बुर्गोबा कागद बघितल्याशिवाय येणारे नव्हेत. तो योग आला नॉयशारफेनएक किल्ल्याजवळच्या झोपडीत. झोपडी म्हणायची एवढंच. फाल्झच्या जंगलात पदभ्रमण मंडळांनी चालवलेल्या अशा खाणावळी जागोजागी आहेत. लांब लाकडी बाकं, कुणीही कुणाच्याही शेजारी बसायचं, खळगे पाडलेल्या अर्ध्या लिटरच्या पेल्यात वाइन आणि सोडा. बुर्गोबा डुकराच्या पोटात बटाटा-मांस भरून उकडलेला, नंतर तव्यावर परतलेला काप घेतात. हेल्मुट कोल चान्सेलर असताना परदेशी पाहुण्यांना हाच पदार्थ प्रेमानं वाढत. मी शाकाहारी. मला उकडलेला बटाटा आणि कांदा घातलेला चक्का मिळतो. त्यावर लाल तिखट नाही, हे दुःख मी कुणाला सांगत नाही.

किल्ल्याची अठ्ठावन्न मीटर लांब आणि बारा मीटरांपर्यंत जाड ढालभिंत नुकतीच बघून झाली होती. मीही जोरात होतो. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांविषयी बोलू लागलो. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, हे सांगितलं. बुर्गोबांनी मान हलवली. याद्यांचं त्यांना कौतुक नाही. राजगडाच्या संजीवनी माचीवरची दुहेरी तटबंदी सांगितली, चिलखती बुरूज कागदी रुमालावर काढून दाखवला. ते पुढे झुकले, पण बोलले नाहीत. अफझलखानाचा प्रसंग मी पूर्ण ताकदीनं सांगितला. शेजारच्या बाकावरचे चौघे जेवायचे थांबले.

बुर्गोबांनी काटा खाली ठेवला. “सगळं ठीक. शौचकूप?”

हा त्यांचा खास विषय आहे. किल्ल्याच्या भिंतीबाहेर काढलेली दगडी संडासाची खोली खालून, बाजूनं, विविध प्रकाशात टिपलेली छायाचित्रं ते नाताळला नातेवाइकांना पाठवतात. “राजे कसे मेले ते सगळे लिहितात,” ते म्हणतात, “कसे जगले त्याचा पुरावा इथं.”

“आहेत,” मी म्हणालो. “रायगडावर. राणीवशात. दगडी, निचऱ्याची वाट काढलेले. अजून दिसतात.”

ते उभे राहिले. पेला हातात घेतला. त्यांनी आपलं पहिलं नाव सांगितलं, जे मला दारावरच्या पाटीमुळे माहीत होतं, आणि म्हणाले, “आजपासून मला तू म्हण. आणि मापं मागव.”

मापं मी अजून मागवतोय. पुण्यातला माझा आतेभाऊ हल्ली माझा फोन उचलत नाही.

ईस्टरच्या सुट्टीत त्यांचा नातू येतो. सात वर्षांचा, हातात लाकडी तलवार, खिशात प्लास्टिकचे शूरवीर. आजोबांच्या संशोधनाचा त्याच्यावर काडीचा परिणाम नाही. “तेल कुठून ओतायचे?” तो दर किल्ल्यावर विचारतो. “ओतत नसत. दगड टाकत.” “मग टाकू या.” “खाली लोक आहेत.” “तेव्हा पण होते ना?” यावर बुर्गोबांकडे कागद नाही.

गेल्या ईस्टरला एका पडक्या बुरुजातल्या चक्री जिन्यावर आजोबा पुढे होते, नातू मागे राहिला होता. अचानक खालून गर्जना झाली, “शरण या!” मी वरच्या झरोक्यातून बघत होतो. बुर्गोबांनी वळून खाली पाहिलं. मग हातातली चालायची काठी उचलली आणि पवित्रा घेतला. डावा खांदा मधल्या खांबाला टेकलेला, उजवा हात बाहेरच्या भिंतीकडे पुरता मोकळा. पाठ्यपुस्तकात आकृती छापावी असा. कान लाल झालेले नव्हते. पोरगं तीन पायऱ्या चढून आलं. ते डावखुरं होतं. मधल्या खांबाची त्याला काही अडचण झाली नाही. त्यानं बाहेरच्या अंगानं सरळ आजोबांच्या पोटात तलवार खुपसली.

भूमापन खात्याचा निवृत्त अधिकारी तेराव्या शतकातल्या पायऱ्यांवर मरून पडला. मरायला त्यांनी बराच वेळ घेतला. शेवटी घशातून खरखर काढली, राजाला निरोप दिला, आणि मेलाक येऊन तोंड चाटू लागला तेव्हा एक डोळा उघडला. पडल्या पडल्या त्यांनी खिशातून घडीची पट्टी काढली, पायरीची रुंदी घेतली, वहीत काहीतरी टिपलं.

“आता खाली जा,” नातवाला म्हणाले, “आणि उजव्या हातानं ये.”

“पण मग मी मरेन!”

“तेच बघायचंय.”